दोष कोठें, दंड कोणास?

“आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं” ही आपल्या भाषेंतली म्हण आपण बहुधा विनोदानें वापरतों. कोणी भलत्याच ठिकाणीं धांवपळ करूं लागला म्हणजे ती ओठांवर येते, आणि त्याच्या वेंधळेपणाला हंसून आपण मोकळे होतों. परंतु तिच्या पोटांत एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. तो हा कीं, बंब सोमेश्वरीं कां जातो? बंबवाल्याला आगीचें ठिकाण ठाऊक नसतें म्हणून, असें उत्तर सहज सुचतें. पण तें अपुरें आहे. पुष्कळदां तो सोमेश्वरीं अशासाठीं जातो कीं, धूर सोमेश्वरीं दिसत असतो. जेथें परिणाम दिसतो तेथेंच कारण असावयाचें, ही मनुष्याच्या बुद्धीची फार जुनी समजूत आहे; आणि तिच्या पायीं जितका अन्याय घडतो, तितका उघड दुष्टपणानें तरी घडत असेल कीं नाहीं, याची शंका वाटते.

या प्रश्नाचा विचार माणसांचीं उदाहरणें घेऊन करूं लागल्यास आपलें मन लगेच एका पक्षाला जाऊन मिळतें. सासू आणि सून, धनी आणि चाकर, शिक्षक आणि विद्यार्थी यांपैकीं कोणाचीही कथा सांगा. ऐकणारा आपल्या अनुभवाप्रमाणें निकाल अगोदरच देऊन बसतो. म्हणून येथें एका निर्जीव व आपल्या घरांपासून बऱ्याच दूरच्या वस्तूचा दृष्टांत घेतला आहे. यंत्राविषयीं आपणांस माया नसते आणि द्वेषही नसतो. शिवाय त्यांतला दोष अंकांनीं मोजतां येतो, आणि एकदां सांपडला म्हणजे त्याविषयीं वाद उरत नाहीं. ही वस्तु म्हणजे मोटारहोम, अर्थात् चाकांवर बांधलेलें घर. आणि त्यांतली, कितीही प्रयत्न केले तरी न भरणारी बॅटरी.

अमेरिकेंत व युरोपांत हीं चालतीं घरें नवीं नाहींत. अमेरिकेंतील आयोवा राज्यांत फॉरेस्ट सिटी म्हणून एक लहानसें गांव आहे. तेथल्या विनेबेगो कंपनीचें पहिलें मोटारहोम १९६६ सालीं तयार झालें. त्या काळीं हें सुटींतल्या सहलीचें साधन समजलें जाई. परंतु २००८ सालच्या आर्थिक अरिष्टानंतर घरदार गमावलेलीं पुष्कळ माणसें, विशेषतः उतारवयांतलीं, गाडींतच संसार मांडून कामाच्या शोधांत गांवोगांव फिरूं लागलीं. जेसिका ब्रुडर या लेखिकेनें २०१७ सालीं ‘नोमॅडलँड’ या पुस्तकांत त्यांचें जीवन वर्णिलें. त्या पुस्तकाच्या आधारें निघालेल्या चित्रपटास २०२१ सालीं सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें ऑस्कर पारितोषिकही मिळालें. अशा माणसाच्या दृष्टीनें बॅटरी ही चैनीची बाब नव्हे. थंडीच्या रात्रीं ऊब देणारी भट्टी गॅसवर जळते हें खरें. पण तिची उष्ण हवा घरांत ढकलणारा पंखा बॅटरीवर फिरतो. गॅसची टांकी कांठोकांठ भरलेली असली तरी बॅटरी उतरली कीं घर गार पडतें. बाहेर बर्फ पडत असतांना ही गोष्ट किती गंभीर आहे, हें निराळें सांगावयास नको.

मोटारहोमांत बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यासाठीं, आणि दुसरी दिवे, पंप, पंखा इत्यादि घरच्या कामासाठीं. या दुसरीला वीज तीन वाटांनीं मिळते: गाडी चालू असतांना इंजिनाबरोबर फिरणाऱ्या आल्टरनेटरकडून, मुक्कामाच्या जागीं वीज असल्यास चार्जरकडून, आणि छपरावरच्या सौर पॅनेलकडून. बॅटरी सामान्यतः शिसें व गंधकाम्ल यांची असते. हिचा शोध फ्रान्समध्यें गास्तों प्लान्ते यानें १८५९ सालीं लावला. आपल्याकडे वीज जाण्याच्या त्रासामुळें घरोघरीं आलेली, जींत मधूनमधून डिस्टिल्ड वॉटर घालावें लागतें ती इन्व्हर्टरची बॅटरी याच कुळांतली. पूर्ण भरलेली व विसावलेली १२ व्होल्टची बॅटरी मीटरवर १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं गेली म्हणजे ती बहुतेक रिती झाली असें समजावें. ती भरावयाची तर तिच्या टोकांशीं सुमारें १४.४ व्होल्टचा दाब कांहीं तास टिकावा लागतो. शेवटचा पांचवा हिस्सा तर फारच सावकाश भरतो. घाई केल्यानें तो भरत नाहीं.

आतां असें समजा कीं, दिवसभर गाडी चालवून मुक्काम केला आणि मध्यरात्रीं पंखा थांबला. पहिला निकाल ठरलेलाच असतो: ‘बॅटरी गेली.’ दुकानांत नेऊन तपासली तर ती खरोखरच कमजोर निघते. जुनी फेकली जाते, पदरचे पैसे घालून नवी बसते, चार महिने बरे जातात, आणि पुढल्या थंडींत तोच पंखा त्याच घटकेला थांबतो. मग दुकानदाराला दूषणें, मग कारखान्याला, आणि शेवटीं तिसरी बॅटरी. चोर सोडून संन्याशाला सुळीं द्यावें, आणि तरीही चोऱ्या थांबत नाहींत म्हणून दुसरा संन्यासी शोधावा, असा हा प्रकार आहे.

चोर कोठें असतो? तो पुष्कळदां गाडीच्या तळाशीं, चिखलापाण्यांत असतो. बॅटरीची ऋण बाजू गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जेथें बोल्टानें जोडलेली असते, तेथें रंग व गंज यांचा एक पातळसा थर वर्षानुवर्षें चढत जातो. त्या थराचा विरोध समजा ०.०२ ओहम आहे. ही संख्या इतकी लहान कीं ती कोणाच्या खिजगणतींत येऊं नये. परंतु जॉर्ज ओहम यानें १८२७ सालीं मांडलेल्या नियमाप्रमाणें त्यांतून ३० अँपिअर प्रवाह जाऊं लागला म्हणजे तेथेंच ०.६ व्होल्ट खर्ची पडतात. आल्टरनेटर १४.४ व्होल्ट देत असतो, बॅटरीपाशीं १३.८ पोंचतात. राहिलेली शक्ति त्या सांध्यांत उष्णता होऊन जाते; हात लावून पाहिला तर तो कोमट लागतो. बॅटरीला वीज मुळींच मिळत नाहीं असें नव्हे; मिळते, पण जी चार तासांत भरावी तिला सात-आठ तास लागतात, आणि गाडी तर चारच तास चालते. अशा रीतीनें ती प्रत्येक मुक्कामीं अर्धपोटीं निजते.

आतां यांतलें मर्म पाहा. इंजिन बंद करून, सर्व दिवे मालवून, मीटर लावला तर हा दोष दिसत नाहीं. प्रवाहच नसेल तर विरोध कितीही असला तरी दाब कमी होत नाहीं. गंजलेला सांधा त्या वेळीं नव्या सांध्याइतकाच निर्दोष ठरतो. दोष पकडावयाचा तर भार चालू ठेवून, प्रवाह वाहत असतांना, सांध्याच्या दोन्ही अंगांस मीटरचीं टोकें लावावीं लागतात. उलट, चार्जरवरून नुकतीच काढलेली बॅटरी कांहीं काळ १३ व्होल्टांच्याही वर आंकडा दाखविते. तो केवळ पृष्ठभागावरचा ताजेपणा असतो, तासाभराच्या कामानें तो ओसरतो. म्हणजे एकीकडे विश्रांतीमध्यें दोषी निर्दोष दिसतो, आणि दुसरीकडे दुबळा सबळ दिसतो. आपण माणसांची, कुटुंबांची व संस्थांची परीक्षा बहुधा अशाच निवांत वेळीं करतों. समारंभाच्या दिवशीं सगळें घर एकदिलाचें दिसतें. घरांत दीर्घ आजार शिरला म्हणजे कोणता सांधा तापतो तें कळतें.

याहून सूक्ष्म असा एक प्रकार चार्जरच्या बाबतींत आढळतो. चार्जर दाब मोजतो तो बहुधा आपल्या स्वतःच्या टोकांशीं. तार बारीक व लांब असेल, तर चार्जरच्या टोकाशीं १४.४ व्होल्ट असतात व बॅटरीच्या टोकाशीं पुष्कळ कमी. परंतु चार्जर आपला अंक पाहतो, ‘आतां ही भरत आली’ असें मानतो, नेमलेला वेळ पुरा करतो, आणि हात आंखडता घेऊन साडेतेराच्या आसपास येऊन बसतो. त्यानें लबाडी केली काय? मुळींच नाहीं. त्यानें जें दिलें तें दिलेंच. त्याचा हिशेब त्याच्या बाजूनें चोख आहे. चुकला तो एवढ्यांतच कीं, देणें त्यानें आपल्या हातापाशीं मोजलें, घेणाराच्या ओंजळीपाशीं नाहीं.

ही चूक केवळ यंत्राची असती तर तिच्यावर लिहिण्याचें कारण नव्हतें. ‘आम्ही मुलासाठीं काय कमी केलें?’ असें म्हणणारे आईबाप बहुतेक प्रामाणिक असतात. शाळेची फी, पुस्तकें, शिकवणी यांचा आंकडा त्यांच्यापाशीं तयार असतो. मुलापर्यंत त्यांतलें काय पोंचलें, हा आंकडा मात्र कोणापाशींच नसतो. राज्यकर्त्यांचेंही तेंच. अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या ‘पॉव्हर्टी अँड फॅमिन्स’ या ग्रंथांत १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाची मीमांसा करतांना असें प्रतिपादिलें कीं, दुष्काळाचें कारण देशांतील धान्याच्या एकूण सांठ्यांतच शोधणें पुरेसें नाहीं. तें धान्य हातीं येण्याचा मार्ग कोणाला उरला होता व कोणाला नव्हता, हें पाहिलें पाहिजे. कोठारापाशीं मोजलेला दाब आणि चुलीपाशीं मोजलेला दाब हे दोन निराळे असतात.

परंतु या दृष्टांतांतला सर्वांत दुःखद भाग पुढेंच आहे. बॅटरी वीज देते तेव्हां तिच्या पट्ट्यांवर शिशाच्या सल्फेटचे बारीक कण जमतात. पुन्हां वीज मिळाली म्हणजे ते विरघळून पट्ट्या पूर्ववत् होतात. पण पूर्ण भरणी न होतां आठवडेच्या आठवडे गेले तर तेच कण वाढून कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज दिली तरी ते सहसा परततच नाहींत. पट्टीचा तेवढा भाग कायमचा मेला. अशा बॅटरीची परीक्षा केली म्हणजे परीक्षक सांगतो कीं, ही कमजोर आहे. आणि तो खरेंच सांगतो. जिच्यावर खोटा आळ आला होता, ती त्या आळाला साजेशी होऊन गेलेली असते. न्याय करणाराच्या हातीं निर्विवाद पुरावा येतो. आणि तो पुरावा मुख्यतः त्या गंजलेल्या सांध्यानें तयार केलेला असतो, हें त्याच्या गांवींही नसतें.

मंदबुद्धि म्हणून मागल्या बाकावर बसविलेल्या मुलाची, किंवा अविश्वासू म्हणून जबाबदारीचें काम कधींच न दिलेल्या कारकुनाची कथा याहून फारशी वेगळी नसते. दहा वर्षांनीं त्यांची परीक्षा घ्या. ते खरोखरच मंद व खरोखरच बेजबाबदार निघतील, आणि ‘आम्ही म्हणत होतों तेंच खरें ठरलें’ असें म्हणावयास आपण मोकळे. निकाल खरा ठरला एवढ्यावरून तो न्याय्य होता असें होत नाहीं; कित्येक निकाल स्वतःच स्वतःला खरे करून घेतात.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो हलका नाहीं. बॅटरीचा दोष सांध्यावर, सांध्याचा गंजावर, गंजाचा पावसावर, असें मागें मागें जात राहिलें तर शेवटीं दोष कोणाचाच राहणार नाहीं. अशी सर्वक्षमा म्हणजे विचार करण्याचा आळसच होय. आपल्या नैयायिकांनीं ही अडचण पूर्वींच ओळखली होती. घट होण्यापूर्वीं कुंभार असतो, आणि कुंभाराच्याही पूर्वीं त्याचा बाप असतो. तथापि बापाला ते घटाचें कारण मानीत नाहींत. माती वाहून आणणारें गाढवही शेजारीं उभें असतें. त्यालाही कारणांत जागा नाहीं. असल्या गोष्टींस त्यांनीं ‘अन्यथासिद्ध’ असें नांव दिलें. अमुक असतां तमुक असतें, आणि अमुक नसतां तमुक नसतें, ही अन्वय-व्यतिरेकाची कसोटी ज्याला लागते तेंच कारण. मोटारहोम दुरुस्त करणारा जाणता कारागीर, न्यायशास्त्राचें नांवही न ऐकतां, हेंच करतो. संशयित सांध्याला वळसा घालून एक जाड तार तात्पुरती जोडतो, दाब वर आला कीं नाहीं तें पाहतो, तार काढतो, दाब पुन्हां उतरला कीं नाहीं तेंही पाहतो. एका वेळीं एकच गोष्ट बदलावयाची, हा त्याचा नियम. ज्यानें बॅटरी, चार्जर व तारा एकदम बदलल्या त्याचें काम कदाचित् होतें, पण त्याला ज्ञान कांहींच होत नाहीं. पावसाला दोष देण्यांत त्या कारागिराला रस नसतो, कारण पाऊस त्याच्या हातचा नाहीं. जेथें हात पोंचतो अशी सर्वांत अलीकडची कडी तो शोधतो. क्षमा व दंड यांच्या मधला हा तिसरा मार्ग आहे.

कित्येकदां तर शोधाच्या अंतीं गुन्हेगारच सांपडत नाहीं. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत इंधन वांचविण्यासाठीं असा आल्टरनेटर असतो कीं, इंजिनाची बॅटरी पुरेशी भरली म्हणजे तो आपला दाब आपोआप उतरवितो. आल्टरनेटर आपलें काम बिनचूक करतो. दोन बॅटऱ्यांना जोडणारा जुन्या पद्धतीचा रिलेही बिनचूक असतो. घरची बॅटरी तर कोरी करकरीत असते. तरी ती भरत नाहीं, कारण तिची भूक त्या आल्टरनेटरच्या हिशेबांतच धरलेली नाहीं. मध्यें दाब वाढवून देणारा एक स्वतंत्र चार्जर बसविला म्हणजे तक्रार मिटते. दोष कोणत्याही एका वस्तूंत नव्हता. तो त्यांच्या संबंधांत होता. तसेंच, लिथियमच्या नव्या बॅटऱ्या शून्य अंश सेल्सिअसखालीं चार्ज होण्याचें नाकारतात. मालकाला वाटतें, बिघडली. वस्तुतः तशा थंडींत वीज घेतली तर आंत धातुरूप लिथियमचा थर बसून कायमची इजा होण्याचा संभव असतो, म्हणून तिच्यांतील रक्षक मंडल दार लावून घेतें. प्रत्येक नकार हा हट्टच असतो असें नाहीं. कांहीं नकारांत शहाणपण असतें.

येथें दृष्टांताची मर्यादाही सांगितली पाहिजे. माणूस म्हणजे बॅटरी नव्हे. अर्धपोटीं राहूनही कोणी ताठ उभा राहतो, आणि सगळें मिळूनही कोणी कर्तव्याला पाठ दाखवितो; माणसाला इच्छा आहे, म्हणून त्याला जबाबदारीही आहे, आणि ती नाकारणें हा त्याचा सन्मान नव्हे. शिवाय स्फटिकांनीं मेलेली बॅटरी निर्दोष होती म्हणून ती गाडींत ठेवून चालत नाहीं; ती काढावीच लागते, नाहीं तर आंतलीं माणसें गारठतील. जो कारकून आज खरोखरच बेजबाबदार झाला आहे, त्याच्या हातीं तिजोरीच्या किल्ल्या द्याव्या असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु ‘निकामी’ आणि ‘दोषी’ हे दोन शब्द निराळे आहेत, आणि आपल्या व्यवहारांतला बराचसा निष्ठुरपणा त्यांना एक समजण्यानें येतो. निकामी वस्तु काढून टाकणें ही गरज असेल. तिला दोषी ठरविणें हा मात्र एक दावा आहे, आणि तो सिद्ध करण्याचा भार दावा करणारावर आहे. तो भार चुकविला तर शिक्षा केवळ जुन्या बॅटरीलाच होते असें नाहीं. त्याच सांध्याला जोडल्या जाणाऱ्या पुढच्या बॅटरीलाही ती आजच ठोठावलेली असते.

आणि हा भार उचलणें वाटतें तितकें कठीणही नाहीं. कांहीं चांगल्या चार्जरांना मुख्य तारांखेरीज आणखी दोन बारीक तारा असतात. त्यांतून बॅटरीला वीज द्यावयाची नसते. बॅटरीच्या टोकांशीं प्रत्यक्ष किती दाब पोंचला, एवढी बातमी चार्जरला पोंचविणें हेंच त्यांचें काम. त्यांतून प्रवाह जवळजवळ वाहतच नाहीं, म्हणून वाटेंत दाबही गळत नाहीं, आणि बातमी खरी पोंचते. ती मिळतांच चार्जर आपला दाब थोडा वाढवितो, आणि बॅटरी भरते. घरांत, शाळेंत, कचेरींत जो कोणी देणाराच्या जागीं बसला आहे, त्यानें ‘मी किती दिलें’ याचा हिशेब अवश्य ठेवावा; पण घेणाराविषयीं निकाल लिहिण्यापूर्वीं अशी एक बारीक तार आपण त्याच्यापर्यंत नेली होती कीं नाहीं, हेंही त्यानें पाहावें. नेली नसेल, तर तो निकाल तूर्त राखून ठेवणें हेंच न्यायाला धरून होईल.